रत्नागिरीतील गोरिला-सहल माहितीवर्ग : एक अभिप्राय

रत्नागिरीतील एका सहल-संस्थेने युगांडा-रवांडाला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी घेतलेला हा माहितीवर्ग एकंदरीत समाधानकारक होता. पर्वतीय गोरिला जगात साधारण हजारभरच उरले असून ते विरुंगा पर्वतरांग आणि ब्विंडीचे जंगल यांपुरतेच आहेत, इथपासून सुरुवात झाली. सर्वांत रंगला तो वर्तनाचा भाग. पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर कळपाचे नेतृत्व करतो, त्याचे छाती बडवणे म्हणजे हल्लाच असे नव्हे, आणि तो अंगावर धावून आलाच तर पळून न जाता नजर झुकवून खाली बसायचे असते, हे चित्रफितींसह समजावण्यात आले. माणसाचा श्वसनविकार त्यांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणूनच आजारी पर्यटकाला प्रवेश मिळत नाही, १५ वर्षांखालील मुलांना नेत नाहीत आणि एका कळपापाशी आठच पर्यटकांना तासभर थांबू देतात.

खर्चाचा विषय मात्र घाईत उरकला. परदेशी पर्यटकाला नुसत्या परवान्यासाठी युगांडात ८००, तर रवांडात १,५०० डॉलर मोजावे लागतात, हे विचारल्यावरच कळले. पीतज्वराच्या लशीचा उल्लेखही ओझरताच झाला. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य ठरते, हे पत्रकात ठळक छापायला हवे होते. ‘सह्याद्रीचे घाट चढणाऱ्याला हे अवघड नाही’ हे विधानही मला पटले नाही, कारण समुद्रसपाटीवर राहणाऱ्या आम्हा कोकणवासीयांना अडीच हजार मीटरच्या पुढची विरळ हवा आणि चिखलातली, मळलेली वाट नसलेली चढण नक्कीच दमवेल. तरीही, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी या वर्गाला जरूर बसावे.