अंधेरी पूर्वेतील एका महिला पीजीत अकरा महिने

मुंबईत नोकरीसाठी एकटीने येणाऱ्या मुलीने पीजी (पेइंग गेस्ट, म्हणजे पैसे देऊन राहण्याची खासगी जागा) पाहताना, तिथे कॅमेरे किती आहेत हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात, असे माझे मत आता पक्के झाले आहे. रात्री उशीर झाला तर दार उघडतील का, आणि जागा सोडायला सांगायची वेळ आली तर किती दिवस देतील? अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या जवळ असलेल्या ज्या पीजीत मी अकरा महिने राहिले, तिथे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला समाधानकारक मिळाली. म्हणून, जागेत दोष असूनही, मी हे अनुकूल परीक्षण लिहीत आहे. पत्ता आणि नाव देत नाही, कारण तिथे आजही नऊ स्त्रिया राहतात आणि त्यांच्या राहण्याचे ठिकाण उघड करण्याचा अधिकार मला नाही.

या जागेचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीची जागा सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरहून आले, तेव्हा एका दलालामार्फत कॉट बेसिसवर, म्हणजे एका पलंगापुरती, जागा ठरवून आले होते. डिपॉझिट आधीच भरले होते आणि पावती मागितल्यावर ‘मेसेज आहे ना’ असे उत्तर मिळाले होते. जागा वरवर पाहता सुरक्षित होती. प्रवेशद्वारावर कॅमेरा होता, नोंदवही होती आणि रात्री साडेदहानंतर दार बंद होण्याचा कडक नियम होता, ज्याचे माझ्या आईला फार कौतुक वाटले होते. जुलैमध्ये एका रात्री मुसळधार पावसाने लोकल रखडल्या आणि मी पावणेबाराला दाराशी पोहोचले. आतून सांगण्यात आले की नियम सर्वांना सारखा आहे. दार उघडले नाही. मी पुन्हा स्टेशनवर जाऊन महिलांच्या प्रतीक्षालयात सकाळी सहापर्यंत बसून राहिले. मुलींच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने एका मुलीला रात्रभर उघड्यावर ठेवले, ही विसंगती त्या जागेच्या व्यवस्थापनाला शेवटपर्यंत समजली नाही. मी तक्रार केल्यावर तीन दिवसांत कॉट रिकामी करण्यास सांगण्यात आले, आणि हातात कोणताही कागद नसल्यामुळे डिपॉझिटचा अर्धा भागही परत मिळाला नाही.

कार्यालयातील एका ताईंनी सुचवलेल्या या दुसऱ्या जागेत आले तेव्हा मनात धास्तीच होती. तिसऱ्या मजल्यावरचे मोठे घर, तीन खोल्या, प्रत्येकीत तीन पलंग, दोन न्हाणीघरे. भाडे महिना 11,000 रुपये, दोन वेळच्या जेवणासह. डिपॉझिट 22,000. मालकीणबाईंना सगळ्या काकू म्हणतात, आणि रात्री तिथेच राहणाऱ्या, स्वयंपाक पाहणाऱ्या बाईंना मावशी. दार इथेही अकराला लागते, पण त्यानंतर येणारीने मावशींना फोन करायचा आणि मावशींनी खाली येऊन इमारतीचे दार उघडायचे, अशी पद्धत आहे. अकरा महिन्यांत माझ्यावर अशी वेळ पाच वेळा आली. पाचही वेळा दार उघडले गेले, आणि दुसऱ्या दिवशी कोणी उशिराचे कारण विचारून मान खाली घालायला लावले नाही. ज्या शहरात रात्रीच्या लोकलमधील महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड उभा ठेवावा लागतो, त्या शहरात स्टेशनपासून दारापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर हाच सर्वांत जोखमीचा असतो, आणि त्याच्या टोकाला उघडणारे दार असणे ही काही चैन नाही.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी प्रत्येकीशी स्वतंत्र लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, केला. एक एजंट बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र घेऊन घरी आला, आधारवरून पडताळणी झाली आणि चार दिवसांत नोंदणीकृत प्रत हातात आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधील कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे मला आधी ठाऊक असते तर पहिल्या जागेतून मी इतक्या मुकाट्याने बाहेर पडले नसते. खर्चाचा बाऊ करणाऱ्यांसाठी हिशेब देते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे 300 रुपये, आणि महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क 1,000 रुपये. एजंटचे पैसे वेगळे. एवढ्या रकमेत एका महिन्याची नोटीस, डिपॉझिट परत करण्याची मुदत आणि कपातीची कारणे कागदावर येतात. पोलीस ठाण्याला द्यायची भाडेकरूची माहितीही काकूंनी स्वतःच भरली आणि तिची प्रत मला दिली.

खासगी पीजीच का, असे कोणी विचारील. नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांची केंद्र सरकारची योजना 1972-73 पासून चालू आहे आणि आता ती ‘सखी निवास’ या नावाने ओळखली जाते. महानगरात महिना 50,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या स्त्रियांना तिथे प्रवेश मिळू शकतो आणि भाडे पगाराच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. योजना उत्तम आहे, परंतु मी जिथे चौकशी केली तिथे प्रतीक्षा यादी होती, आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख यादीसाठी थांबत नाही. त्याखालची पायरी म्हणजे बेघरांसाठीचे निवारे. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले होते. 2011 च्या जनगणनेतील मुंबईची सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्या धरली तर शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रतीक्षालयात बसलेल्या त्या रात्री माझ्या शेजारी गाठोडे उशाला घेऊन निजलेल्या एका आजी होत्या, आणि त्या रोजच तिथे येत असाव्यात, कारण सफाई करणारी बाई त्यांना नावाने हाक मारत होती. माझ्याकडे पगार होता, परतीच्या तिकिटाचे पैसे होते, सोलापूरला घर होते. तरीही त्या रात्रीपुरते आमच्या दोघींमधले अंतर एका बाकड्याचेच होते.

आता दोष. सकाळी पाणी सात ते साडेआठ एवढाच वेळ येते आणि नऊजणींना दोन न्हाणीघरे अपुरी पडतात. मधल्या खोलीला खिडकी नाही, तरी तिचे भाडे तेवढेच आहे, हे मला अन्यायाचे वाटते. दिवाणखान्यातील कॅमेरा सुरुवातीला आम्ही बसतो त्या दिशेने होता. आम्ही मिळून सांगितल्यावर काकूंनी तो दाराकडे वळवला. सर्वांत गंभीर दोष खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांचा आहे. चोरी होऊ नये म्हणून त्या पक्क्या बसवल्या आहेत, आणि जिना एकच असल्यामुळे आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही. एक जाळी बिजागरीची करून तिची किल्ली आतल्या भिंतीवर टांगावी, असे मी दोनदा सुचवले. अजून झालेले नाही. तिथे राहायला जाणाऱ्या मुलींनी हा मुद्दा पुन्हा लावून धरावा.

जेवणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चपात्या चांगल्या असतात, भाज्या पातळ.

मार्चमध्ये माझ्या खोलीतील विदर्भातून आलेल्या एका मैत्रिणीची नोकरी अचानक गेली. पुढच्या महिन्याचे भाडे तिच्याकडे नव्हते, आणि घरी सांगण्याची तिची तयारी नव्हती. पहिल्या जागेत तिचे सामान जिन्यात आले असते, याबद्दल मला शंका नाही. इथे काकूंनी करार काढला, नोटिशीचा महिना तिच्या डिपॉझिटमधून वळता करून घेतला आणि उरलेले 11,000 रुपये किल्ली परत देण्याच्या दिवशी तिच्या खात्यात जमा केले. त्या तीस दिवसांत तिने सात मुलाखती दिल्या. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघींनी तिची ट्रंक रिक्षात घालून जोगेश्वरीच्या नव्या खोलीवर नेली, आणि वर चढण्यापूर्वी तिने तिथल्या मालकांना विचारले की रात्री उशीर झाला तर दार कोण उघडते.