घाट-स्टेशनचं एमडीएफ किट: गोव्यातला एक पावसाळा काढल्यावर

जुलैमध्ये माझ्या मॉडेल रेल्वेच्या स्टेशन-किटच्या छपराच्या पट्ट्या सुटल्या, सुटून कडेने वर वळल्या, आणि विक्रेत्याशी माझं चांगलंच वाजलं. मार्चमध्ये याच किटला मी पाचपैकी तीन तारे दिले होते. ते आज मागे घेतोय. भिंतींना पाच, छपराला शून्य. कारण सविस्तर लिहितो, कारण गोव्यात, सिंधुदुर्गात, कारवारकडे जे कोणी हे किट घेणार आहेत त्यांना खोक्यावरचा फोटो काही म्हणजे काही सांगत नाही.

किट बहुतेकांनी पाहिलेलं आहे: एचओ (म्हणजे १:८७ प्रमाण), ३ मिलीमीटर एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) भिंती, त्यावर लेसरने कोरलेले चिऱ्यांचे (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे) थर, पुढे खांबांचा व्हरांडा आणि वर मंगळुरी कौलांचं दुपाखी छप्पर. २,८५० रुपये, कुरिअर वेगळं. गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, वादात शिरत नाही. १:८७ ला आपलं ब्रॉडगेज १९.३ मिलीमीटर यायला हवं आणि आपण सगळे १६.५ च्या रुळांवर भागवतो, ते चालायचंच. माझा लेआउट (रुळांसकट मांडलेला देखावा) कुळे ते कॅसलरॉक या घाटाच्या धर्तीवर आहे. मुरगाव बंदरातून निघून घाट चढणारी ही लाइन १८८८ पासूनची, मुळात मीटरगेज, नव्वदच्या दशकात रुंद झाली. अशा लाइनवर चिऱ्याचं, कौलारू, जरा थकलेलं स्टेशन हवंच, आणि भारतीय बांधणीचं तयार किट मिळणं किती दुर्मीळ आहे ते तुम्ही जाणता. जर्मन खेड्यातली लाकडी पट्ट्यांची घरं रंगवून कितीदा चालवून घ्यायचं?

आधी भिंती, कारण त्या खरोखर सुंदर आहेत. ३ मिलीमीटर म्हणजे प्रत्यक्षात २६ सेंटिमीटर. चिऱ्याची भिंत जाडच असते, त्यामुळे खिडक्या आत खोल बसतात आणि सावली आपोआप पडते. प्लास्टिकच्या किटमध्ये भिंत पातळ असते, खिडकी पृष्ठभागावर चिकटवल्यासारखी दिसते, ते इथे होत नाही. थरांची उंची २ मिलीमीटर, म्हणजे साधारण ७ इंची चिरा. कोपऱ्यावर चिरे एकाआड एक गुंतवलेले दाखवले आहेत. ज्याने हे आखलं त्याने चिऱ्याची भिंत जवळून पाहिलेली आहे, हे मी खात्रीने सांगतो.

एमडीएफची भीती सगळ्यांना असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर घरातल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. त्यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: चपडा (लाखेचं पॉलिश, शेलॅक). हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा आणि जोडणीच्या आधी प्रत्येक तुकड्याला दोन हात द्यायचे. दोन्ही बाजूंनी द्यायचे, एकाच बाजूला दिला तर तुकडा वाकतो. कापलेल्या कडांना तिसरा हात, कारण पाणी आत शिरतं ते कडेनेच. चपड्याच्या आधी कडांवरची लेसरची काजळी पॉलिश पेपरने काढा, नाहीतर डिंक काजळीला धरतो, लाकडाला नाही. एवढं केलं की भिंती कुठेही जात नाहीत. माझ्या भिंतींना पूर्ण पावसाळ्यात केसाएवढी फट पडलेली नाही.

आता छप्पर.

मॉडेल आपण वरून बघतो. टेबलाशी उभा राहिलेला माणूस आधी छप्पर बघतो, मग वाकून भिंत. म्हणजे स्टेशनचा चेहरा छप्परच. आणि नेमकं तिथेच या माणसांनी कौल मोजलेलं नाही. मंगळुरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस रुंद. एकावर एक चढवल्यावर उघडं राहतं ते अंदाजे ३२ बाय २०. १:८७ ला ते ३.७ बाय २.३ मिलीमीटर होतं. किटमधलं कौल उघडं ६ बाय ४ आहे. प्रत्यक्षात ५२ बाय ३५ सेंटिमीटर! एका कौलाच्या जागेत जवळजवळ तीन कौलं बसतील. १८० मिलीमीटर लांबीच्या छपरावर एका ओळीत ७८ कौलं यायला हवीत, आली ४५. सगळी इमारत त्यामुळे लहान मुलाच्या खेळण्यातली दिसते, भिंतीचे चिरे कितीही बरोबर असले तरी.

आमच्या वाड्यावर दर मे महिन्यात घरं शाकारायला येणारे एक काका आहेत. मार्चमध्ये ते सहज डोकावले तेव्हा मी त्यांना मॉडेल दाखवलं. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "चिरे बरे आसात." मग छपराकडे पाहून, "हीं कौलां न्हय, लाद्यो!" ज्यांना कोणी प्रमाण शिकवलेलं नाही, १:८७ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या डोळ्याला एका क्षणात कळलं. विकणाऱ्याला कळायला काय हरकत होती? मंगळुरी कौल हे काही गूढ नाही. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून हा नमुना साऱ्या किनाऱ्यावर आहे. कुठल्याही जुन्या घराच्या मागे पडलेलं एक कौल उचलून पट्टी लावली असती तरी काम झालं असतं.

तरीही मार्चमध्ये तीन तारे दिले ते भिंतींसाठी आणि या आशेने, की रंगकामात छप्पर सावरेल. जुलैत ती आशा संपली. कौलांच्या ओळी म्हणजे पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या, मागे चिकट कागद. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की छपराला वॉर्निश किंवा सीलर लावू नका, थेट रंगवा. त्याप्रमाणे केलं. पाऊस लागला, हवा ओली झाली, चिकट थराने हात सोडला आणि पुठ्ठा ओल पिऊन वर वळला. आधी वळचणीची ओळ, मग आढ्याजवळची, मग मधल्या. पाण्याचा थेंबसुद्धा लागलेला नाही, नुसती हवा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. फेब्रुवारीत उघडलेल्या खोक्याचा व्हिडिओ जुलैत वळलेल्या पट्टीबद्दल काय सांगणार? मग उत्तर आलं: मॉडेल वातानुकूलित खोलीत ठेवायला हवं. हे माहितीपत्रकात कुठेच नाही. घाटातल्या स्टेशनचं किट विकायचं, खोक्यावर धबधबा छापायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की दमट हवेत ठेवू नका. हे मला अजिबात पटत नाही. खूप मागे लागल्यावर छपराच्या नव्या पट्ट्या पाठवल्या, कुरिअरचे पैसे माझ्याकडून घेऊन. त्याच मापाच्या, त्याच चिकट कागदाच्या. त्या अजून पाकिटातच आहेत आणि पाकिटातही वळल्या आहेत.

आता जे टिकलं ते सांगतो. १६० जीएसएमचा साधा कागद घेतला. रबरी मॅटवर ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने २.३ मिलीमीटरवर उभ्या रेषा दाबल्या आणि प्रत्येक दोन रेषांच्या मध्ये आणखी एक हलकी. मंगळुरी कौलाची दोन पन्हाळं त्यातून छान उठतात. मग कागदाच्या ५ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापल्या, खालच्या कडेला कौलाकौलाच्या मध्ये ब्लेडने बारीक चीर दिली, आणि वळचणीपासून वर, प्रत्येक ओळ ३.७ वर चढवत लावत गेलो. खाली पाया म्हणून पुठ्ठा नाही, १ मिलीमीटरची प्लास्टिकची शीट. ती ओल पीतच नाही. चिकटवायला पाण्याला टिकणारा सुतारी डिंक. सगळं वाळल्यावर पातळ सुपरग्लू कडेने सोडला. तो कागदात मुरतो आणि कागद कडक होतो (खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते). काही कौलं मुद्दाम अर्धा मिलीमीटर खाली सरकवली, एखाद-दुसरं तिरकं. आढ्यावरची कौलं अर्ध्या गोलात वळवून घेतली आणि सांध्यांना करड्या रंगाचा बारीक ठिपका दिला, चुन्या-सिमेंटचा सांधा दिसावा म्हणून. खर्च शंभर रुपयांच्या आत. ऑगस्टच्या झडीत एकही कौल हललं नाही. काकांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बोटाने ओळी मोजायला लागले. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

छप्पर बरोबर बसल्यावर सगळी इमारत वेगळी दिसायला लागली, आणि किटसोबत सहाशे रुपयांना घेतलेल्या रंगपावडरींबद्दलचं माझं मतही थोडं बदललं. चार डब्या: गंज, काजळी, धूळ, शेवाळ. मार्चमध्ये मी त्यांना पैशाची नासाडी म्हटलं होतं. गंज आणि काजळी खरंच चांगल्या दळलेल्या आहेत, ब्रशला लागतात आणि खळग्यात बसतात. धूळ निरुपयोगी, कारण ती करडी आहे, आणि आपली धूळ लाल. अंगणातली चिऱ्याची माती मलमलीतून गाळली की तिच्याहून सरस. फक्त गाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवा. सांगे-डिचोली पट्ट्यातल्या मातीत चुंबकाला चिकटणारे कण भरपूर निघतात आणि ते इंजिनच्या मोटरमध्ये गेले तर मोटर संपली.

शेवाळाची डबी पोपटी हिरवी आहे. कौलावरचं शेवाळ कधी नीट पाहिलंत? पावसात ते हिरवं, आणि ऊन लागलं की काळं. म्हणून आपल्याकडे लेआउट कुठल्या महिन्यातला हे आधी ठरवावं लागतं. मी ऑक्टोबर धरलाय: गवत उंच पण शेंडे पिवळे, उत्तरेच्या पाखीवर काळपट डाग, हिरवा फक्त पन्हाळात आणि झाडाच्या सावलीत. कौलांचा मूळ रंग एकच ठेवू नका. विटकरी, नारिंगी, तपकिरी असे तीन-चार हात वेगवेगळ्या कौलांवर, आणि अधूनमधून एखादं कोरं लाल, यंदाच्या मे महिन्यात बदललेलं.

भिंतीवर सगळ्यात महत्त्वाचा पट्टा जमिनीलगतचा. वळचणीचं पाणी लाल मातीत पडतं आणि गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर उडतं. १:८७ ला ते ५-६ मिलीमीटर. ताठ ब्रशवर पातळ लाल रंग घेऊन बोटाने उडवा, वरची कड सरळ येऊ देऊ नका. एवढ्या एका पट्ट्याने इमारत जमिनीवर ठेवलेली न वाटता जमिनीतून उभी राहिलेली वाटते. दुसरी गोष्ट रुळांची. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंत सुमारे २६ किलोमीटर १ ला ३७ चा उतार आहे, गाड्या ब्रेक लावतच उतरतात आणि लोखंडी भुकटी खडीवर बसते. किटची गंज पावडर मी इमारतीपेक्षा खडीवरच जास्त वापरली. उतरणीच्या लाइनवर गडद, लूपवर (बाजूच्या रुळावर) फिकी.

दोन इशारे. चपडा लावलेल्या भिंतीवर शाई आणि अल्कोहोलचा वॉश (अगदी पातळ, वाहता हात) थेट देऊ नका, चपडा विरघळतो आणि डाग पडतात. मध्ये अ‍ॅक्रिलिक रंगाचा भरीव थर हवा, आणि वॉश पाण्यातला असेल तर उत्तम, थेंबभर भांडी घासायचा साबण टाकून. दुसरा इशारा मॅट वॉर्निशच्या स्प्रेबद्दल. पावसाळ्यात तो मारलात तर हवेतली ओल त्यात अडकते आणि सगळ्यावर दुधाळ पांढरट थर येतो. माहितीपत्रकात शेवटची पायरी म्हणून हाच स्प्रे सांगितलाय, महिन्याचा उल्लेख नाही. मी जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावत नाही. पाण्यातलं मॅट वॉर्निश ब्रशने देतो, तेही फक्त जिथे बोट लागतं तिथे, कारण वॉर्निशखाली पावडरीचा रंग बसून जातो.

मॉडेल आता काचेच्या कपाटात आहे, आत १५ वॅटचा पिवळा बल्ब. कपड्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या कपाटात आपण लावतो तोच. बुरशी नाही. जमिनीसाठी वापरलेला चहाचा चोथा मात्र तव्यावर कोरडा भाजून मगच लावा, नाहीतर बल्ब असूनही त्यावर पांढरी लव येते.

किट घ्यावं का? छप्पर स्वतः करायची तयारी असेल तर घ्या, भिंती पैसे वसूल करतात. जसं येतं तसंच जोडायचं असेल तर मिरजेच्या पश्चिमेला राहणाऱ्या कोणीही घेऊ नये. विक्रेत्याला मी लिहून कळवलंय की छपराची पट्टी ३.७ वर आणा, पुठ्ठा सोडा, नाहीतर भिंतींचे तुकडे वेगळे विका. वेगळे विकले तर मालधक्क्याच्या गोदामासाठी आणखी दोन घ्यायला मी तयार आहे. उत्तर अजून आलेलं नाही.