घरगुती ‘जेपर्डी!’ संच: मर्व्ह ग्रिफिन यांचा खेळ खोक्यात किती मावतो?

अमेरिकेत राहणारी माझी मामेबहीण यंदा दिवाळीला आली, तेव्हा तिने तिकडच्या ‘जेपर्डी!’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा घरगुती संच मुलांसाठी आणला, आणि भाऊबीजेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तो आमच्या घरी जवळजवळ रोज रात्री मांडला गेला. पंधरवडाभर खेळून झाल्यावर, असा संच घ्यावा की नाही या प्रश्नाचे उत्तर मी मनापासून ‘घ्यावा’ असे देईन; मात्र त्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

खोक्यात कप्पे पाडलेला निळा फलक, संकेतांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, खोट्या डॉलरच्या नोटा आणि दाबल्यावर टिकटिक वाजणाऱ्या तीन पत्र्याच्या बेडक्या आहेत. फलकावर सहा विषय असून प्रत्येकाखाली चढत्या रकमेचे पाच संकेत असतात. खेळाडूला विचारला जातो तो प्रश्न नव्हे, तर उत्तर सांगितले जाते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्याने प्रश्नाच्याच रूपात सांगायचे. बरोबर आले तर रक्कम मिळते, चुकले तर तेवढीच रक्कम जवळच्या पैशांतून वजा होते. इतका साधा नियम, पण त्यामुळे बेडकी दाबण्यापूर्वी आठवीतला भाचासुद्धा क्षणभर थांबू लागला. ‘कौन बनेगा करोडपती’ची सवय असलेल्या आपल्या घरांत चार पर्यायांवरून अंदाज बांधला जातो, इथे पर्यायच नसल्याने आठवणीखेरीज हाताशी काही राहत नाही.

उत्तरावरून प्रश्न ओळखण्याच्या या नियमाचा जन्म एका बदनाम काळात झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतील काही लोकप्रिय प्रश्नमंजूषांत निवडक स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात होती हे उघडकीस आले आणि या प्रकारच्या कार्यक्रमांवरचा लोकांचा विश्वास उडाला. वाद्यवृंदात गायक म्हणून सुरुवात करून पुढे सूत्रसंचालक झालेले मर्व्ह ग्रिफिन डुलुथहून न्यू यॉर्कला विमानाने परतत असताना त्यांनी ही अडचण पत्नी ज्युलॅन यांच्यापुढे मांडली. त्यावर, स्पर्धकांना उत्तरेच का देऊन टाकू नयेत, असे म्हणून ज्युलॅन यांनी उदाहरण दिले, ‘५,२८०’, आणि ग्रिफिन यांनी लगेच विचारले की, एका मैलात फूट किती? ३० मार्च १९६४ रोजी एनबीसी वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. ज्या गोष्टीने हा व्यवसाय बुडाला होता, तिलाच खेळाचा पाया करणे ही मला ग्रिफिन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९७५ साली त्यांनी आणलेला ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ हा खेळही लहानपणी मोटारीच्या प्रवासात बहिणीबरोबर खेळलेल्या अक्षरे ओळखण्याच्या खेळातूनच आला होता.

संचातील चिठ्ठ्या अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आणि तिकडचे खेळ यांनी भरलेल्या असल्यामुळे तिसऱ्या दिवशी आम्ही कोऱ्या कार्डांवर मराठी संकेत लिहायला घेतले, आणि संकेत रचणे हे किती नाजूक काम आहे ते तेव्हा कळले. ‘१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या’ एवढे लिहिले की, व्यक्ती स्त्री आहे हे ‘शिकवणाऱ्या’ या शब्दातच फुटते. इंग्रजी वाक्यात ते सहज लपवता येते. मग आम्ही विशेषणे टाळून, क्रियापद गाळून संकेत लिहू लागलो. उत्तरासाठी माणसाला ‘कोण?’ आणि वस्तूला ‘काय?’ असे ठरवले होते. शेवटच्या फेरीत, जिथे संकेत ऐकण्यापूर्वी केवळ विषय पाहून पैज लावायची असते, तिथे ‘नद्या’ हा विषय पाहून आईने जवळचे सगळे १,८०० डॉलर लावले. संकेत होता, ‘उगम महाबळेश्वर, शेवट बंगालच्या उपसागरात’. वाईत जन्मलेल्या आईने कागदावर लिहिले, ‘कृष्णा कोण?’ नियमाने ‘काय’ हवे होते, हे भाच्याने दाखवून दिले, तेव्हा ती म्हणाली, “माईला काय म्हणून कसं चालेल?” तिचे उत्तर सर्वांनी मान्य केले.

संच उणा पडतो तो बेडक्यांपाशी. दोन बेडक्या एकदम वाजल्या की आधी कोण, हे ठरवायला काहीच साधन नाही, आणि आमच्याकडे यावरून दोनदा डाव मोडला. मूळ कार्यक्रमात सूत्रसंचालक संकेत पूर्ण वाचेपर्यंत बटणे बंद असतात; ती खुली झाल्याचे दिवे लागण्यापूर्वी जो दाबतो, त्याचे बटण पाव सेकंद अडकते. त्यामुळे घरी पाहणाऱ्यालाही संकेत पुरता वाचायला मिळतो. हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. १९८४ साली सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक यांच्यासह कार्यक्रम नव्याने सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षी तो आला. कल्पना खोक्यात मावते, पण तिला न्याय्य ठेवणारी ही निर्मितीची बाजू मावत नाही. आम्ही शेवटी बेडक्या बाजूला ठेवून, संकेत संपल्यावर टेबलाच्या मध्यभागी ठेवलेली वाटी उचलायची, असा नियम केला आणि तंटे थांबले.

दुसरी उणीव सुरांची आहे. शेवटच्या फेरीत विचार करायला दिलेल्या ३० सेकंदांत कार्यक्रमात जी धून वाजते, ती ग्रिफिन यांनी मुळात आपल्या मुलासाठी अंगाईगीत म्हणून बांधली होती. तिने आपल्याला सात कोटी डॉलरच्या घरात मिळवून दिले, असे त्यांनी पुढे सांगितले होते. संचात मात्र साधे वाळूचे घड्याळ आहे. बहिणीने ती धून गुणगुणून दाखवली तेव्हा, लिहीत असलेल्या तिघांचेही हात आपोआप भरभर चालू लागले.

चिठ्ठ्यांचा कागद पातळ असून तो लवकर दुमडतो, म्हणून जाड पुठ्ठ्याची कोरी कार्डे जोडीला विकत घ्यावीत. दहा वर्षांखालील मुलांना वजाबाकीचा नियम मनाला फार लागतो, त्यांच्यासाठी तो सैल करावा. खेळायला किमान चौघे हवेत, कारण संकेत वाचणाऱ्याला स्वतः खेळता येत नाही; आमच्याकडे ते काम पहिल्या आठवड्यात बाबांनी केले आणि नंतर ते कोणाला सोडवेना.