२८९ स्वतःचंच बांधायचं, की तयार इंजिन आणायचं?

जुन्या फोर्ड मस्टँगमधून सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एकच भपकारा निघतो आणि मग सायलेन्सर स्वच्छ, एवढंच होत असेल तर थांबा. ती व्हॉल्व्हच्या सीलची तक्रार आहे. सिलिंडरमध्ये हवेचं प्रेशर धरून हेड न उतरवता ती सीलं बदलता येतात, शनिवार-रविवारचं काम. पण चढावर पाय दाबला की धूर येतोय, इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा तळाशी लोळतोय आणि कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच मागे आहेत, असं असेल तर इंजिन उतरवल्याशिवाय सुटका नाही. मग आहे तेच इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून, घासून, नवे भाग घालून पुन्हा जोडायचं, की पेटीत बंद होऊन येणारं तयार ‘क्रेट’ इंजिन बसवायचं, हे ठरवावं लागतं.

मी बोलतोय ते १९६६ च्या फोर्ड मस्टँगबद्दल. २८९ घनइंचाचं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. माझी गाडी तीच. तिचं इंजिन मी बांधलं, आणि एका मित्राच्या ६५ मध्ये क्रेट इंजिन बसवताना पाने मी धरले. दोन्हीकडे हात काळे झालेत.

‘ओरिजिनल इंजिन काढू नका, गाडीची किंमत पडेल’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जण ऐकवणार. त्यात किती दम आहे ते गाडीच्या चासी नंबरातलं पाचवं अक्षर सांगतं. ‘के’ असेल तर ते २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन. त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण त्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकलेला असायचा. पण ‘ए’ म्हणजे चार बॅरलचं २२५ किंवा ‘सी’ म्हणजे दोन बॅरलचं २०० हॉर्सपॉवर असेल, तर नंबर ठोकलेलाच नाही. सगळ्या इंजिनांवर तो ठोकायची पद्धत १९६८ पासून आली. तुमच्या सी-कोड गाडीत फार तर स्टार्टरच्या बाजूला ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा) ओतकामाचा नंबर आणि तारीख जुळेल. ‘५एम१२’ दिसलं तर तो ब्लॉक १२ डिसेंबर १९६५ ला ओतलेला. बघायला मजा येते, पण तेवढ्यासाठी कुणी जास्तीचे दहा हजार डॉलर मोजत नाही. जुना ब्लॉक ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, झालं.

(त्याच नंबरात माझ्या गाडीचं दुसरं अक्षर ‘टी’ आहे, म्हणजे फोर्डचा मेटचन प्लांट. नाव मेटचन, पण होता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. २००४ मध्ये तो बंद पडला. मी एडिसनला आलो तेव्हा वाटलं होतं, अमेरिकन गाडी विकत घेतोय. गाडी माझ्या तीस वर्षं आधीची एडिसनकर निघाली.)

इंजिन बांधायचं तर

सगळी भिस्त मशीन शॉपवर. मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात ब्लॉक घेऊन गेलं की मिस्त्री बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, बोट फिरवूनच सांगायचा, ‘तीस थाऊ घ्यायला लागंल.’ इथेही भाषा तीच आहे, फक्त बोटाऐवजी बोअर गेज. २८९ चा मूळ बोअर ४.०० इंच. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीस थाऊ, म्हणजे ४.०३० पर्यंत, बिनधास्त जा. याआधी कुणी तीस किंवा चाळीस घेऊन ठेवलं असेल, तर भिंतीची जाडी मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. या ब्लॉकची भिंत फार जाड नाही आणि पातळ झालेलं इंजिन उन्हाळ्यात तापतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप, टायमिंग चेन, हेडवर कडक व्हॉल्व्ह सीट (बिनशिशाच्या पेट्रोलसाठी) आणि क्रँक दहा थाऊ घासून, अशी मला आलेली कोटेशनं साडेतीन ते पाच हजार डॉलरमध्ये होती, जोडणी मी स्वतः करणार या हिशोबाने. वेळ मात्र कुणी सांगत नाही. माझा ब्लॉक शॉपमध्ये चार महिने पडून होता.

जोडणीसारखा आनंद दुसऱ्या कशात नाही, हे मान्य. फट मोजायला बेअरिंगवर प्लास्टिगेजचा हिरवा धागा ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने ६० ते ७० फूट-पौंडावर आवळायची, पुन्हा सोडायची आणि चपटी झालेली ती शेवई पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. दीड ते अडीच थाऊ आलं की मन शांत. रिंगेची फट बोअरच्या दर इंचाला चार थाऊ, म्हणजे सोळा. कनेक्टिंग रॉडचे नट १९ ते २४ फूट-पौंड. हे आकडे मला आजही झोपेत विचारले तरी सांगेन.

आणि एवढं सगळं करून मी कॅम खाल्ला.

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा (लोबांचा) दांडा, आणि त्याच्यावर टेकून हलतात ते टॅपेट. २८९ चे टॅपेट सपाट बुडाचे. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांशी घासून बसायला पहिल्या स्टार्टनंतर लगेच वीसेक मिनिटं इंजिन दोन हजार ते अडीच हजार आरपीएमवर चालायला हवं. आयडलिंगला सोडायचं नाही, कारण या टॅपेटांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. माझ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल नव्हतं. मी स्टार्टर मारत राहिलो, कॅमवर लावलेलं काळं ग्रीस पुसून गेलं. इंजिन एकदाचं लागलं ते टायमिंग चुकल्यामुळे धडपडत, म्हणून बंद केलं, पुन्हा लावलं. तीनशे मैलांनी टकटक सुरू झाली. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडला, तर दिवाळीच्या रांगोळीत घालतात तशी चमकी. एका लोबचं टोक गोल होऊन गेलं होतं आणि ती चमकी सगळ्या नव्या बेअरिंगांतून फिरून आली होती. इंजिन पुन्हा खाली.

क्रेट इंजिनाच्या बाजूने मला पटणारा मोठा मुद्दा हाच आहे. हॉर्सपॉवर वगैरे नंतर.

तयार इंजिन आणायचं तर

फोर्डने ५.० लिटर मस्टँगमध्ये १९८५ पासून रोलर, म्हणजे बुडाला फिरतं चाक असलेले, टॅपेट दिले. आज मिळणारी बहुतेक ३०२ किंवा ३४७ क्रेट इंजिनं त्याच घराण्यातली, रोलर कॅमची. घासून बसवायची ती धाकधूक नाही. ऑइलही कुठलंही चांगलं चालतं. सपाट टॅपेटांना ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं मिश्रण लागतं आणि आजच्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ८०० पीपीएम आहे. म्हणून मला क्लासिक गाड्यांचं वेगळं ऑइल आणावं लागतं. मित्र दुकानात समोर दिसेल तो डबा उचलतो. जुन्या २८९ मध्ये रोलर घालता येतात, पण जोडपट्टीचे महागडे टॅपेट लागतात. त्यात मग पैशांचं गणित फिसकटतं.

मित्राचं लाँग ब्लॉक, म्हणजे हेडसकट पण वरचं सामान नसलेलं, सहा हजारांच्या आसपास पडलं. तीन आठवड्यांत दारात, वॉरंटीसकट. दिसायला तेच, बोल्टही बहुतेक जुळतात. सगळेच जुळत नाहीत, आणि गोची तिथे होते. जुन्या २८९ चं बॅलन्सिंग २८ औंस-इंचाचं, नंतरच्या ५.० चं ५० औंस-इंचाचं. डँपर आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या तबकड्या) त्याच आकड्याची नसेल, तर इंजिन असं थरथरतं की तुम्ही आठवडाभर माउंट तपासत बसाल. ऑर्डर देतानाच हा आकडा विचारून घ्या. ऑइल पॅन पुढच्या बाजूला खोलगट असलेलाच हवा, नाहीतर मस्टँगच्या स्टिअरिंग लिंकेजवर बसतो. स्टीलच्या रोलर कॅमवर डिस्ट्रिब्यूटरचा जुना बिडाचा गिअर चालत नाही. जुना पेट्रोल पंप ठेवायचा असेल, तर त्याला जागा असलेलं टायमिंग कव्हरही जुनंच लावावं लागतं.

आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम. जुनी १-५-४-२-६-३-७-८, नव्या रोलर कॅमची १-३-७-२-६-५-४-८. आम्ही मित्राचा जुना मॅनिफोल्ड नव्या इंजिनावर बसवला. त्यावर ऑर्डर ओतलेलीच होती, ती बघून प्लगच्या वायरी लावल्या. स्टार्टर मारला आणि कार्ब्युरेटरमधून हातभर जाळ. मित्राची उजवी भुवई यायला दोन महिने लागले.

एकूण खर्च? पॅन, गिअर, डँपर, गॅस्केटं, फ्लेक्सप्लेट धरून त्याचे साडेसात हजार झाले. माझं पहिलं बिल साडेचार हजारांचं, दुसरं दोन हजारांचं. पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याने स्वतःच्या चुकांसाठी एक ओळ आधीच राखून ठेवावी.

गिअरबॉक्सशिवाय हिशोब पुरा होत नाही

इंजिनावर सगळे पैसे उधळून लोक सी-४ तसाच ठेवतात, याचं मला नवल वाटतं. सी-४ वाईट नाही. उलट दणकट आहे, आणि ६६ मधला तो हिरव्या ठिपक्याचा शिफ्टर मला आवडतो. छोट्या ठिपक्यावर टाकलं तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुटते. अनेक नवे मालक गिअरबॉक्स गेला समजून तो खोलायला नेतात. फक्त त्यात जुनं ‘टाइप एफ’ तेलच घाला. पण त्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, नाही. मागच्या डिफ्रेन्शिअलचा ३.०० चा रेशो आणि पंचवीस इंची टायर धरले, तर ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे २,६०० वर फिरतं. त्याच गाडीत टी-५ हा पाच गिअरचा मॅन्युअल टाकला, पाचवा गिअर ०.६८ चा, तर तेच १,८०० च्या खाली. मागे ३.५५ केलं तरी २,१००, आणि सिग्नलवरून गाडी सुटते ती वेगळीच. २०० हॉर्सपॉवरचं साधं २८९ टी-५ सोबत जितकं मजेदार वाटतं, तितकं ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमागे वाटत नाही. मी दोन्ही चालवल्या आहेत.

टी-५ टाकायचं ठरलं, तर क्लच पेडल, बेलहाउसिंग, क्रॉसमेंबर, बदललेल्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं आलं. जुन्या पद्धतीचा क्लचचा बार ठेवणार असाल, तर त्याच्या पिव्हटचं भोक नव्या ब्लॉकवर असेलच असं नाही. मग केबल किंवा हायड्रॉलिक. ६६ ला बेलहाउसिंग सहा बोल्टचं असतं, पण १९६४ च्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पाच. मागचं आठ इंची डिफ्रेन्शिअल व्ही-८ ला पुरेसं आहे आणि त्याचा गोळा पुढून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे रेशो बदलणं सोपं. गाडी मुळात सहा सिलिंडरची असेल, तर मागचं डिफ्रेन्शिअल, पुढचे स्पिंडल, चार बोल्टची चाकं, सगळंच बदलावं लागतं. तेव्हा व्ही-८ चा नाद सोडा.

तर माझं मत विचाराल, तर असं. बोअर अजून मूळ मापाचा असेल, ओळखीचं चांगलं मशीन शॉप असेल आणि गाडी वर्षभर उभी राहिली तरी घरात भांडण होणार नसेल, तर २८९ बांधा, साधंच ठेवा आणि उरलेले पैसे टी-५ मध्ये घाला. ब्लॉक आधीच चाळीसवर गेला असेल किंवा येत्या उन्हाळ्यात गाडी हवीच असेल, तर २८ औंसचं रोलर ३०२ मागवा.

पुढची देखभाल दोन्हीला जवळपास सारखीच. माझी गाडी दिवाळीनंतर झाकली जाते ती पाडव्याच्या आसपास निघते. झाकण्याआधी ऑइल बदलतो, टाकी स्टॅबिलायझर घालून काठोकाठ भरतो. इथल्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी होज आतून मऊ करतं, म्हणून ते दर वसंतात बोटांनी दाबून बघतो. आणि प्रत्येक ऑइल फिल्टर अजूनही कापून उलगडतो, गॅरेजच्या दारात, उन्हात धरून.