जुन्या व्हॅनने लांबचा प्रवास: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

जुनी व्हॅन घ्यायची आणि आपल्यासारख्याच हौशी मंडळींच्या ताफ्यात कोकण, घाटमाथा, जमलं तर थेट हंपीपर्यंत जायचं, एवढं ठरलं की पहिला प्रश्न इंधनाचा येतो. मॉडेल, रंग, आत पलंग बसवायचा की बाकडीच ठेवायची, हे सगळं नंतरचं. मी दोन्ही चालवल्या आहेत. आधी कार्ब्युरेटरची (म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) पेट्रोल व्हॅन, आणि आता बजाज टेम्पोची डिझेल मॅटाडोर. तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघडच आहे. तरी पेट्रोलच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून सांगणार आहे.

पेट्रोलमध्ये आपल्या आवाक्यातली म्हणजे १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, जिला १९८८पासून आपण ओम्नी म्हणू लागलो. ज्याच्याकडे पैसा आणि चिकाटी दोन्ही आहे, त्याच्यासाठी फोक्सवॅगनची कोंबी. डिझेलमध्ये मॅटाडोर, दुसरं नाव घ्यायची गरज नाही. बजाज टेम्पोचा मुंबईशी संबंध जुना आहे. तीनचाकी टेम्पो आधी गोरेगावात बनत, मग कारखाना आकुर्डीला गेला आणि तिथून मॅटाडोर देशभर पसरली. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या सहली आणि वऱ्हाडं तिच्यातूनच गेली आहेत. पण आठवणींवर गाडी घेऊ नये, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

‘व्हिंटेज’ या बाबतीत एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत वेगळी नोंदणी होते, पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, इतक्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची. दापोलीला चार दिवस राहायला जाणं त्यात बसत नाही. म्हणून आमच्यापैकी बहुतेकांनी साधीच नोंदणी ठेवली आहे. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी नवी करून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. ज्यांना मिरवणं प्रिय आहे त्यांनी व्हीए घ्यावी, ज्यांना भटकायचं आहे त्यांनी घेऊ नये असं मला वाटतं.

आता पेट्रोलचे गुण. मुंबईत राहणाऱ्यासाठी पहिला गुण आकाराचा. लहान पेट्रोल व्हॅन सोसायटीच्या आवारात दोन खांबांच्या मधे उभी राहते, शेजारी तक्रार करत नाहीत. गिरगावच्या गल्लीत वळते. हलकी असल्यामुळे एक्सप्रेसवेवर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकावा लागत नाही. घरातलं कुणीही ती चालवू शकतं, आणि हे लांबच्या प्रवासात फार मोलाचं आहे, कारण ड्रायव्हर बदलत राहिला की सगळेच ताजेतवाने पोहोचतात. ठिणगी पाडणाऱ्या कॉइल-प्लग-पॉइंटचं काम जाणणारा माणूस अजून गावोगाव मिळतो. सपाट रस्त्यावर आवाज इतपतच की मागे बसलेल्या आजीला पुढचं बोलणं ऐकू येतं. मॅटाडोरमध्ये हे सुख नाही.

मॅटाडोरचं इंजिन पुढे, दोन सीटांच्या मधे, एका झाकणाखाली. धग डाव्या पायाला लागते आणि आवाज सगळ्या गाडीभर. पनवेल सोडलं की संभाषण हातवाऱ्यांवर येतं. मी झाकणाखाली जाड नमदा लावून घेतला आहे, फरक पडतो, पण थोडा. वेगाचं म्हणाल तर पन्नास-पंचावन्नच्या वर तिला पळवू नये. त्यामुळे पुण्याकडे जाताना मी एक्सप्रेसवे टाळून खोपोलीवरून जुना हायवे धरतो. खंडाळ्याच्या घाटात दोन्ही रस्ते काही अंतर एकच होतात, तेवढ्यापुरतं डाव्या कडेने सांभाळून न्यावं लागतं. तिला ओढ पुढच्या चाकांची. त्याचा फायदा असा की मागची जमीन सपाट आणि बुटकी, झोपायला उत्तम. तोटा असा की सगळं सामान आणि माणसं मागे बसली की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर, शेवाळलेल्या वळणावर ती जागच्या जागी फिरतात. पावसाळ्यात दोन जाडजूड माणसं मी मुद्दाम पुढे बसवतो.

एवढे दोष असूनही मी डिझेलकडे वळलो, त्याचं कारण एकच आहे: घाट चढून थांबल्यावर पेट्रोल गाडी परत सुरू न होणं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुमारे १,३५० मीटरपर्यंत चढायचं, तेही चाळीसेक किलोमीटरांत. भरलेली जुनी व्हॅन हे बहुतेक अंतर खालच्या गिअरमध्ये कापते. तरीही ती चढते, तक्रार नाही. प्रश्न येतो प्रतापगडाच्या फाट्याशी चहाला थांबल्यावर. गाडी चालू असते तोवर पंखा फिरतो, पाणी फिरतं, टाकीतलं थंड पेट्रोल सतत पुढे येत राहतं. चावी बंद केली की हे सगळं एकदम थांबतं आणि तापलेल्या लोखंडाची धग वर चढायला लागते. या गाड्यांमध्ये इंजिन सीटखाली असो किंवा मागच्या पेटीत, असतं बंदिस्त जागेतच. धगीला बाहेर पडायला वाट नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळतं, थोडं आत सांडतं, पंपात आणि पाइपात वाफ धरते. पंधरा मिनिटांनी चावी फिरवा, स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. मग सगळे उतरा, ओलं फडकं पंपावर ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, बॅटरी उतरेल म्हणून मधे थांबा. कधी लगेच सुटतं, कधी चांगला वेळ खातं.

हा कुठल्या कंपनीचा दोष मी म्हणणार नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पंप, ही त्या काळची रचनाच तशी होती आणि आपले उन्हाळे तसे आहेत. उपायही आहेत. पाइपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं, कार्ब्युरेटरखाली जाड गॅस्केट घालणं. मी हे करून पाहिलं, त्रास कमी झाला, गेला नाही. आमच्या ताफ्यात परळचे एक काका आहेत, त्यांच्या पेट्रोल व्हॅनला हा आजार कधी झालाच नाही आणि ते हे वाचून नक्की फोन करतील. त्यांची गाडी अपवाद आहे हे मी आनंदाने मान्य करतो.

पण मला छळलं ते गाडी सुरू न होण्यापेक्षा त्या भीतीने. पेट्रोलवाला थांबायलाच बिचकतो. फाट्यावर सगळे बाकड्यावर बसून भजी खात असतात आणि तो आपला दार उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून, गाडीशेजारी उभ्यानेच चहा घेत असतो. कुणी म्हणालं, “अरे, जरा खाली दरीच्या कडेपर्यंत जाऊन येऊ,” तर त्याचा पाय निघत नाही. ताफ्यात एक गाडी अडली की सगळ्या अडतात, हेही त्याच्या मनात असतं. मग तो सुचवतो, “इथे नको, खाली उतरल्यावर थांबू.” असं करत करत निम्मे थांबे गळतात. जुन्या गाड्यांचा प्रवास मुळात थांब्यांचा असतो. कुणाच्या तरी गाडीखाली डोकं घालायचं, एखाद्याने नवं काय बसवलं ते बघायचं, कोलाडला मिसळ, महाडला कुणाच्या तरी मावशीकडे पाणी प्यायला थांबलेलं असताना तिथेच जेवण. ते गेलं तर मग नवी गाडी घेऊन तीन तासांत पोहोचलेलं काय वाईट?

मॅटाडोर हव्या त्या ठिकाणी बंद करावी आणि हवी तेव्हा चावी फिरवावी. भर मे महिन्यात, ऐन चढावर, अर्धी बादली घाम गाळून वर आलेली असली तरी सुरू होते. तिला ठिणगी लागत नाही, कार्ब्युरेटर नाही, आणि डिझेल काही पेट्रोलसारखं पटकन वाफ होत नाही. हे पुस्तकी कारण झालं. मला कळतं ते एवढंच, की ती घेतल्यापासून मी थांब्यावर सगळ्यात आधी उतरतो. आवाजाचं दुःखही त्यामुळे बोथट झालं. गाडीत बोलता येत नाही खरं, पण उतरल्यावर सावकाश बोलता येतं, आणि ताफ्यातली खरी बोलणी उतरल्यावरचीच असतात.

डिझेलचा स्वतःचा एक हट्ट आहे, तो म्हणजे एअर पकडणं. टाकी पार तळाला गेली किंवा फिल्टरचा वॉशर ढिला झाला की लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन बसतं. तेव्हा हँड पंप मारून, नट ढिला करून हवा काढावी लागते. हे काम घाणेरडं आहे पण शिकायला सोपं. पाना आणि एक जुनी साडी (पुसायला) गाडीत ठेवा आणि टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका.

सुट्या भागांचं लोकांना उगाच भय वाटतं. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं डिझेल इंजिन आलं, तेच कुटुंब पुढे ट्रॅक्सच्या बोनेटखाली गेलं, त्यामुळे इंजिनाचं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं की मिळतं. अडतं ते पत्र्याचं, काचेचं आणि रबराचं. समोरची काच जपावी. पेट्रोलकडे याच्या उलट, पत्रा-काच सहज मिळते. मात्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या, डायफ्राम त्याला सोसत नाहीत. पेट्रोल व्हॅन घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या टाकून घ्या. कोंबीवाल्यांनी तर हे आजच करावं. मागच्या पेटीत चिरलेली नळी आणि गरम इंजिन यांची गाठ पडली तर आग लागते. कोंबीबद्दल आणखी एक: तिचा थंड करणारा पंखा आणि चार्जिंग एकाच पट्ट्यावर चालतात, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचं बघू पुढे’ म्हणून चालवत राहू नये, तिथल्या तिथे गाडी बंद करावी.

मग पेट्रोल कुणी घ्यावी? दोघंच फिरणार असाल, पार्किंगला एकच छोटी जागा असेल, आठवडाभर गाडी शहरातही वापरायची असेल, तर मी डिझेलचा आग्रह धरणार नाही. मुख्यतः मुंबई–गोवा महामार्गानेच जाणार असाल तरीही पेट्रोल चालून जाईल. कशेडीला बोगदा झाल्यापासून त्या वाटेवरचा एक मोठा चढ कमी झाला आहे. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेली नंतरची ओम्नी घेतलीत तर वर सांगितलेला त्रास जवळजवळ नाहीच, फक्त मग तिला जुनी म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सहा-सात माणसं, वरंधा, आंबेनळी, आंबोली असे घाट, आणि वाटेत मनाला येईल तिथे उतरायची सवय असेल, तर मला वाटतं मॅटाडोर बघून तरी यावी.

बघायला जाल तेव्हा आधी कागद मागा, गाडी नंतर. बऱ्याच मॅटाडोर पिवळ्या पाटीवर धावलेल्या आहेत. खासगी नोंदणी झालेली नसेल तर फिटनेस, कर आणि आरटीओच्या फेऱ्या किमतीत धरूनच भाव करा. आत पलंग, ओटा वगैरे आधीच बसवलेला असेल तर तो बदल आरसी बुकात चढला आहे का ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे त्याला परवानगी लागते. मग पायरीचा आणि पुढच्या चाकांवरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, किनाऱ्याकडच्या गाड्या तिथेच आधी गंजतात. शेवटी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. चाकातून कट-कट आवाज आला तर एक्सलचे जॉइंट गेले आहेत. ते मिळेपर्यंत गाडी उभी राहते, त्यामुळे विकणाऱ्यालाच आधी बदलून द्यायला सांगा, नाहीतर दुसरी गाडी बघा.