‘संपूर्ण अल्हाम्ब्रा’च्या तिकिटात नासरी राजवाडे नव्हते

स्पेनमधील ग्रानाडा शहरात जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी अल्हाम्ब्रा या ऐतिहासिक राजवाडा-संकुलासाठी जातो, आणि अल्हाम्ब्रात सर्वांत आधी पाहायचे असतात ते नासरी या मुस्लिम घराण्यातल्या सुलतानांचे राजवाडे. आम्हाला विकलेल्या तिकिटात नेमके हेच राजवाडे नव्हते. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ‘संपूर्ण अल्हाम्ब्रा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते, अधिकृत दराच्या दुपटीहून अधिक रक्कम घेतली गेली होती, आणि खरा प्रकार कळला तो राजवाड्यांच्या दारात. महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे आता युरोपची सहल स्वतःच आखतात. त्यांच्यापैकी कोणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ही फसवणूक कशी शक्य होते हे कळण्यासाठी तिथली व्यवस्था समजून घ्यावी लागते. अल्हाम्ब्रा ही एक इमारत नाही. टेकडीवरच्या त्या परिसरात अल्कासाबा हा जुना किल्ला आहे, हेनेरालिफे हा बागांनी वेढलेला उन्हाळी महाल आहे, सम्राट पाचव्या कार्लोसचा सोळाव्या शतकातील राजवाडा आहे आणि या सगळ्यांच्या गाभ्याशी नासरी राजवाडे आहेत. तिथले गिलाव्यावरचे कोरीवकाम नाजूक असल्यामुळे दर अर्ध्या तासाला मर्यादित लोकांनाच आत सोडतात. प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती टळली की सहसा आत जाता येत नाही. हंगामात ही तिकिटे कित्येक आठवडे आधीच संपतात. मात्र बागा, हेनेरालिफे आणि अल्कासाबा एवढेच दाखवणारे एक वेगळे, बरेच स्वस्त तिकीटही असते आणि ते त्या मानाने सहज मिळते. हे स्वस्त तिकीट घ्यायचे आणि पूर्ण तिकीट असल्याचे भासवून चढ्या भावाने विकायचे, एवढाच हा धंदा आहे.

आमच्या प्रवासाच्या तारखांना अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण तिकिटे उरलेली नव्हती. शोध घेतल्यावर जाहिरातीच्या जागी सर्वांत वर जे संकेतस्थळ आले, त्याचे रंगरूप आणि नाव अधिकृत वाटावे असेच होते. पैसे भरण्यापूर्वी मी त्यांना ईमेल करून नासरी राजवाडे समाविष्ट आहेत का, असे स्पष्ट विचारले आणि ‘सर्व समाविष्ट आहे’ असे उत्तर आले. त्यानंतर आम्हा सर्वांच्या पारपत्रांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवण्यात आली. अधिकृत तिकीट नावाने निघते आणि त्यासाठी पारपत्राचा क्रमांक द्यावा लागतो हे खरे आहे, पण क्रमांक देणे वेगळे आणि पारपत्राच्या पानाचे छायाचित्र अनोळखी माणसाच्या हाती देणे वेगळे, म्हणून मी फक्त क्रमांक कळवले. तिकिटे मात्र भेटीच्या आदल्या रात्री उशिरा पाठवली गेली, तीही केवळ स्पॅनिशमध्ये. हा उशीर हेतुपुरस्सर असतो असे माझे ठाम मत आहे, कारण त्यानंतर दुसरी सोय करायला वेळच उरत नाही.

राजवाड्यांच्या दाराशी कर्मचारी महिलेने तिकीट यंत्रासमोर धरले, मान हलवली आणि हे बागांचे तिकीट आहे असे शांतपणे सांगितले. तिने आम्हाला तिकिटावरचा मजकूरही दाखवला. तिचे वागणे सौजन्याचे होते आणि तिच्या हाती काहीच नव्हते. माझे थोरले बंधू स्थापत्यशास्त्र शिकलेले आहेत. बारा सिंहांच्या कारंज्याचे प्रांगण, कोमारेस दालनाचे सात स्वर्गांची कल्पना मांडणारे लाकडी छत आणि मधाच्या पोळ्यासारखे खाली उतरत येणारे मुकर्नसचे, म्हणजे लहान लहान कोनाड्यांच्या थरांचे, घुमट यांचे आराखडे त्यांनी विद्यार्थिदशेत काढले होते. ते सर्व भिंतीपलीकडे होते. दादा काही बोलले नाहीत, वहिनीच म्हणाल्या, “भाऊजी, त्या विक्रेत्याला आत्ताच फोन लावा.” फोन कोणी उचलला नाही. संदेशाला उत्तर आले की राजवाडे ‘उपलब्धतेनुसार’ आहेत, तशी अट पानाच्या तळाशी दिलेली आहे आणि आणखी पैसे भरल्यास दुसऱ्या दिवशीच्या मार्गदर्शित फेरीत जागा मिळू शकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सेव्हियाची गाडी होती. मोजक्या दिवसांचा शेंगेन व्हिसा घेऊन इतक्या दुरून आलेल्या माणसाला पुन्हा येणे किती कठीण असते, हे या लोकांना पुरते ठाऊक असते आणि त्यावरच ते पैसे कमावतात. याचा मला आजही संताप येतो.

म्हणून तिकीट हाती येताच त्यावर ‘पालासिओस नासारिएस’ (नासरी राजवाडे) हे स्पॅनिश शब्द आणि त्यांच्यासमोर प्रवेशाची नेमकी वेळ आहे का, हे पाहावे. वेळ नसेल तर ते राजवाड्यांचे तिकीट नाही, विक्रेता काहीही सांगो. मार्गदर्शकासह फेरी विकणाऱ्या प्रामाणिक संस्थाही आहेत, परंतु त्या राजवाड्यांच्या प्रवेशाबद्दल आधीच स्पष्ट लेखी सांगतात. अधिकृत विक्री ‘अल्हाम्ब्रा-पॅट्रोनाटो डॉट ईएस’ याच पत्त्यावर होते. तिथे तिकिटे संपलेली दिसली तरी रद्द झालेली तिकिटे अधूनमधून परत येतात, त्यामुळे रोज पाहत राहावे. शिवाय नासरी राजवाड्यांच्या रात्रीच्या भेटीचे तिकीट वेगळे असते आणि दिवसाचे तिकीट न मिळालेल्यांनी तेही तपासावे. बार्सिलोनातील साग्रादा फामिलिया या चर्चची तिकिटेही त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तर सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 आणि रविवारी 5 ते 7 या वेळेत प्रवेश विनामूल्य असतो, तेव्हा त्या वेळेसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

फसवणूक स्पेनमधल्या दुकानात, उपाहारगृहात किंवा तिथे कार्यालय असलेल्या पर्यटन संस्थेत झाली, तर तिथेच अधिकृत तक्रार अर्ज मागता येतो. त्याला ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’ म्हणतात आणि ग्राहकाने मागितल्यावर तो द्यावाच लागतो. आमच्या विक्रेत्याचा पत्ता दुसऱ्याच देशातला निघाल्यामुळे हा मार्ग आम्हाला बंद होता. आम्ही क्रेडिट कार्ड दिलेल्या बँकेकडे, विकलेली सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती, या कारणाखाली व्यवहारावर हरकत घेतली. त्यासोबत ‘संपूर्ण अल्हाम्ब्रा’ लिहिलेल्या पानाचे छायाचित्र, ‘सर्व समाविष्ट आहे’ हे ईमेल आणि प्रत्यक्ष मिळालेले तिकीट जोडले. विक्रेत्याने तळाच्या अटीचाच आधार घेतला, परंतु त्याचे स्वतःचे लेखी उत्तर त्याच्या विरुद्ध जात होते. बरीच पत्रापत्री झाल्यानंतर बागांच्या तिकिटाची मूळ किंमत वजा करून उरलेली रक्कम आमच्या खात्यात जमा झाली.