फोर्ज्ड रिम्स घ्यावीत का? झेडएक्स-६आरवर आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत माझ्या झेडएक्स-६आरला, म्हणजे कावासाकीच्या स्पोर्ट्स बाईकला, फोर्ज्ड (प्रचंड दाबाखाली घडवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमची रिम्स, म्हणजे टायर सोडून अख्खी चाकं, बसवली. ही बाईक रस्त्यावर येतच नाही. पुण्याहून टेम्पोत घालायची, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची, दोन दिवस पळवून परत आणायची. आठ महिन्यांत अशा पाच वाऱ्या झाल्या. रिम्स, शिपिंग आणि कस्टम्स मिळून खर्च तीन लाखांच्या पुढे गेला. एवढे पैसे घालण्याआधी नीट माहिती मिळावी म्हणून मी वर्षभर चार जणांना विचारत होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वजन. टायर, डिस्क, बेअरिंग सगळं काढून जुनी-नवी रिम्स काट्यावर ठेवली. पुढे साधारण पाऊण किलो वाचला, मागे सव्वा किलो. एकूण दोन किलो. बाईकचं कागदावरचं वजन १९६ किलो.

‘चाकातला एक किलो म्हणजे बाईकवरचे दहा किलो’ असं पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी बाईक उभ्या करतात तिथे) छातीठोकपणे सांगणारे भेटतात. यावर विश्वास ठेवून पैसे घालू नका. चाक पुढे जातं आणि शिवाय गरगर फिरतं, म्हणून त्याला वेग द्यायला जास्त ताकद लागते, हे बरोबर. पण टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवरचं वजनसुद्धा फार तर दुप्पट भरतं. रिम तर त्याच्या बरीच आत असते. १८०/५५ मापाच्या मागच्या टायरचा व्यास साधारण ६३ सेंटिमीटर, १७ इंची रिमचा ४३. हिशेब मांडला की रिमच्या कडेचा एक किलो दीड किलोच्या आसपास भरतो, हबजवळचा, म्हणजे चाकाच्या मध्याजवळचा, त्याहून कमी. म्हणजे माझे फार तर तीन किलो कमी झाले. सरळ पट्ट्यावर मला काडीचा फरक जाणवला नाही.

फरक पडतो तो वळणावर बाईक आडवी करताना. बसवण्याआधी गॅरेजमध्ये एक करून पाहिलं. पुढचं चाक टायर-डिस्कसकट अ‍ॅक्सलवर घेऊन दोन्ही हातांत उचलून धरलं आणि मित्राला ते जोरात फिरवायला सांगितलं. फिरतं चाक एका बाजूला कलवायला गेलं की ते कलत नाही, मनगटं पिरगाळून भलतीकडेच वळतं. जुन्या रिमवर करून पाहिलं, मग नव्या. फरक होता, पण बेताचाच, कारण टायर आणि डिस्क त्याच होत्या. चाक जेवढं जोरात फिरेल तेवढा हा हट्ट वाढत जातो, त्यामुळे हातात जे जेमतेम कळतं ते ताशी दीडशेच्या वेगात चांगलंच कळतं.

ट्रॅकवरच्या पहिल्याच सेशनला (ठरावीक मिनिटांच्या पाळीला) ते कळलं. डावं-उजवं अशी जोड वळणं आली की बाईक माझ्या अंदाजाच्या आधीच आडवी होत होती आणि आतल्या कर्बपाशी (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीपाशी) मी हातभर लवकर पोचत होतो. हँडल किती ढकलायचं हे हातांना सवयीने ठाऊक असतं, ती सवय मोडायला दुपार झाली. त्यानंतर मात्र मजा आली. सगळ्यात मोठा फायदा मे महिन्यात कळला. त्या उकाड्यात सेशनच्या शेवटच्या दोन-तीन लॅप्सना पूर्वी खांदे भरून यायचे आणि मी वळणावर उशिरा वळायचो. आता शेवटची लॅप पहिलीसारखीच जाते.

सस्पेन्शनला हात लावल्याशिवाय मात्र पैसे वसूल होत नाहीत. चाक हलकं झालं की त्याला आवरायला कमी डॅम्पिंग (सस्पेन्शनच्या हालचालीला होणारा विरोध) पुरतं. मी फोर्कचा, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा, रिबाउंड (दाबलं गेल्यावर परत उघडतानाचं डॅम्पिंग) दोन क्लिक मोकळा केला. जिथे खडबडीत जागी ब्रेक मारताना पुढचं चाक टपटपायचं, तिथे ते आता जमीन धरून राहतं. लॅप टाइम सरासरी सहा-सात दशांश सेकंदांनी सुधारला. पण सेटिंगही याच काळात नीट झाल्यामुळे सगळं श्रेय रिम्सना देणार नाही.

आता त्रास. मागच्या चाकाचा एक स्पेसर (अ‍ॅक्सलवर चाक जागच्या जागी धरणारी नळी) जवळपास मिलिमीटरभर आखूड निघाला. विक्रेत्याने तीन आठवडे मेलला उत्तर दिलं नाही. शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून नवा करून घेतला. त्याने तीन वेळा कॅलिपर लावला आणि दुपारपर्यंत अचूक तुकडा हातात ठेवला. शिवाय टायर बदलताना मशीनच्या जबड्याने कडेवर ओरखडा आला, तेव्हापासून प्लॅस्टिकचे प्रोटेक्टर मी स्वतः घेऊन जातो आणि तिथे उभा राहतो.

मॅग्नेशियम आणखी हलकं असतं, पण कोटिंग उडालं की ते गंजतं, आणि वेळोवेळी तपासावं लागतं. टीममध्ये मेकॅनिक असेल तरच त्याच्या वाटेला जा. मोटोजीपीत मॅग्नेशियम चालतं, कार्बन फायबरच्या रिम्सना मनाई आहे. फोर्ज्ड अ‍ॅल्युमिनियम कर्बवर आदळलं तर सहसा वाकतं, कास्ट (साच्यात ओतलेल्या) रिमसारखी तडा जाण्याची भीती कमी. माझ्यासारख्या एकट्याने सगळं करणाऱ्याला तेच बरं. रेस करत असाल तर तुमच्या क्लासचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी कंपनीची मूळ चाकंच सक्तीची असतात.

अजूनही टायरच्या एकाच सेटवर तीन ट्रॅक डे काढत असाल, फोर्कमध्ये कंपनीचंच जुनं तेल असेल, कुणा जाणत्याकडून शिकला नसाल, तर हे तीन लाख तिकडे घाला. सेकंदच्या सेकंद कमी होतील. ते सगळं करून झालं असेल तर रिम्स जरूर घ्या.

आणि जुनी रिम्स विकू नका. मी त्यांच्यावर जुन्या डिस्क आणि पावसाचे टायर चढवून ठेवलेत. ऑगस्टमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस कोसळला, पॅडॉकमधल्या बहुतेकांनी बाईक झाकल्या. आम्ही दोघांनी वीस मिनिटांत दोन्ही चाकं बदलली, आणि उरलेली दोन सेशन्स जवळजवळ मोकळ्या ट्रॅकवर मिळाली.